चार-चार की बत्तीस-बत्तीस?

प्रभुलिंग हत्तुऱ्यांनी ‘सिद्धरत्न’ सोसायटीच्या नोटीस बोर्डावर ‘युद्ध’ हा शब्द लिहिला तेव्हा त्यांच्या मनात कुणाबद्दलही काही वाईट नव्हतं. गेली नऊ वर्षं ते सोसायटीचे सेक्रेटरी होते आणि या नऊ वर्षांत त्यांनी शांततेखेरीज दुसरं काही मागितलं नव्हतं. सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण होत होती. त्यानिमित्त काहीतरी करायचं, आणि ते काहीतरी म्हणजे पुन्हा संगीत खुर्ची नसावी, एवढीच त्यांची माफक इच्छा होती. गेल्या वर्षी संगीत खुर्चीतला सगळ्यात तरुण स्पर्धक गुडघ्याला पट्टा बांधून उतरला होता.

कल्पना त्यांच्या मुलीची. सिद्धेश्वरी पुण्यात नोकरीला होती. दर रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. पहिली दोन मिनिटं हत्तुऱ्यांशी आणि उरलेली चाळीस आईशी, अशी त्याची वाटणी कधी ठरली ते कुणालाच आठवत नव्हतं. हत्तुऱ्यांच्या दोन मिनिटांत ‘जेवलीस का’ आणि ‘तिकडं पाऊस आहे का’ हे दोन प्रश्न बसायचे. उन्हाळ्यात तर एकच. त्या रविवारी मात्र त्यांनी सवय मोडून तिसरा प्रश्न विचारला.

“वर्धापनदिनाला तरुण मंडळी खाली यावीत म्हणून काय ठेवू गं?”

“गेम ठेवा की, अप्पा. आम्ही खेळतो तो. ऑर्बिट ब्रिगेड.”

आणि मग तो फोन त्यांच्याशीच चोवीस मिनिटं चालला. आतून त्यांच्या पत्नी महेश्वरीबाई दोनदा डोकावून गेल्या. त्यांना वाटलं, मुलीचं काहीतरी दुखतंय.

खेळ असा होता. तीनशे वर्षांनंतरचा काळ, कुठला तरी लांबचा ग्रह, आणि त्यावर निळ्या आणि तांबड्या अशा दोन फौजांची लढाई. ती तीन तऱ्हांनी खेळता यायची. पहिली, चार विरुद्ध चार : मैदान लहान, माणूस मेला की पुढच्या डावापर्यंत बसून राहायचं. दुसरी, बत्तीस विरुद्ध बत्तीस : अख्खा ग्रह, रणगाडे, विमानं, खेळायला माणसं कमी पडली तर उरलेल्या जागी कॉम्प्युटर आपले सैनिक घालायचा. तिसरी, सगळ्यांनी एका बाजूला राहून कॉम्प्युटरच्या महाकाय किड्यांशी लढायचं.

हत्तुरे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच, म्हणजे माल भरून पाठवायचं काम, बघायचे. कुठलीही गोष्ट तक्त्यात बसवल्याशिवाय ती त्यांना कळायची नाही. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या मागं तीन रकाने आखले आणि सेक्रेटरीच्या नजरेनं पाहिलं. सोसायटीत फ्लॅट अठ्ठावीस. चार-चार घेतलं तर आठ माणसं खेळणार आणि वीस घरं नाराज होणार. नाराज घर पुढं पाण्याच्या टाकीच्या मीटिंगला काय करतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तेव्हा बत्तीस-बत्तीस. सगळ्यांनी आळीपाळीनं आत जावं, बाहेर यावं, कुणी राहिलं असं व्हायला नको.

पुढच्या रविवारी त्यांनी हा निर्णय मुलीला कळवला.

“अप्पा, मोठ्या लढाईत काही मजा नाही हो. कोण काय करतंय कळत नाही, आपण कशानं मेलो तेही कळत नाही. चार-चारच घ्या. त्यात खेळ दिसतो.”

“अगं, पण सगळ्यांना सामावून...”

“तुम्ही कधी खेळलायत का?”

तिनं हे सहज विचारलं होतं. पण माणसाला सहज विचारलेलंच जास्त लागतं. हत्तुऱ्यांनी फोन बायकोकडं दिला, गॅलरीत जाऊन उभे राहिले आणि तिथल्या तिथं ठरवलं की आपण खेळायचं.

सिद्धेश्वरीचा जुना कॉम्प्युटर तिच्या खोलीत झाकून ठेवलेला होता. खेळात शिरायला आधी नाव नोंदवावं लागायचं. जन्मसाल टाकण्यासाठी त्यांना एवढं खाली जावं लागलं की वाटेत मुलीचं साल गेलं, लग्नाचं गेलं, दहावीचं गेलं, आणि मग एकोणीसशे एकाहत्तर आलं. ‘प्रभुलिंग’ हे नाव आधीच कुणी तरी घेतलेलं होतं. या गोष्टीचं त्यांना दोन दिवस आश्चर्य वाटत राहिलं. शेवटी खेळानंच सुचवलेलं ‘प्रभुलिंग ४१७’ त्यांनी पत्करलं. आपल्या आधीचे चारशे सोळा जण कोण असतील आणि त्यांच्या मुली त्यांच्याशी किती वेळ बोलत असतील, असा एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला.

पहिली लढाई त्यांनी मुलीच्या पसंतीची, चार-चारची घेतली. अकराव्या सेकंदाला ते मेले. त्यातले नऊ सेकंद ते आकाशाकडं बघत होते, कारण मान खाली कशी घालायची ते कळत नव्हतं. उरलेला डाव त्यांनी आपल्याच प्रेताशेजारी बसून काढला. हत्तुऱ्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता, तरी त्यांच्या बाजूचा एक अनोळखी मुलगा कानात म्हणाला, “कोई अंकल लगते हैं.” नुसत्या मरण्यावरून वय ओळखता येतं हे त्यांना नवीन होतं.

मग त्यांनी मोठी लढाई लावली, आणि तिथं त्यांना घर सापडलं.

बत्तीस माणसांच्या फौजेत कुणी कुणाला विचारत नव्हतं. हत्तुरे दहा मिनिटं एका खडकाआड नुसते उभे राहिले तरी कुणी ओरडलं नाही. इथं मेलं तरी लगेच दुसरा जन्म मिळत होता. शिवाय त्यांना कळलं की इथं बंदूक न चालवताही पुष्कळ कामं असतात. मागच्या तळावर एक ट्रक उभा होता. त्यात दारूगोळा भरायचा आणि आघाडीवर पोचवायचा. हत्तुऱ्यांनी एकोणतीस वर्षं दुसरं काय केलं होतं? त्यांनी ट्रक काढला. तिसऱ्या खेपेपर्यंत त्यांना त्या ग्रहावरचे सगळे रस्ते पाठ झाले. कुणी तरी ‘थँक्स ब्रो’ असं लिहिलं. कारखान्यात त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं, आणि ब्रो तर मुळीच नाही.

आता ही बातमी घरात राहणं शक्य नव्हतं. महेश्वरीबाईंनी ती जिन्यात सांगितली आणि जिन्यातून ती सगळीकडं गेली.

सगळ्यात आधी आले वरच्या मजल्यावरचे बाळासो माने. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे माढ्याकडचे, तरुणपणी कबड्डीत तालुका गाजवलेले. त्यांनी खुर्ची ओढली, पाच मिनिटं मोठी लढाई पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

“ही लढाई न्हाय, हत्तुरे सायेब. ह्यो बाजार हाय. चौसष्ट मानसं कशाला? कबड्डीत सात-सात असत्यात, का? तर गडी दिसला पायजे. कुनी पाय घातला, कुनी कच खाल्ली, सगळं गावाला दिसतंय. तसं दिसत नसंल तर खेळायचं कशाला?”

“न दिसण्यातही एक सोय असते, बाळासो,” हत्तुरे म्हणाले.

“ती हापिसात. मैदानात न्हाय,” बाळासो म्हणाले आणि त्याच संध्याकाळी आपल्या सुनेचा लॅपटॉप घेऊन चार-चारचा सराव करायला बसले.

दुसऱ्या आल्या तळमजल्याच्या सारजाबाई. मुलगा बँकेत म्हणून त्या सोसायटीत, नाहीतर त्यांचं सगळं आयुष्य सांगोल्याकडच्या माळावर मेंढरांमागं गेलेलं. त्यांना पडद्यावरची ती पळापळ बघून काहीच नवल वाटलं नाही.

“सेकरेटरी, तू एकेकाकडं बगतूयास. तसं बगू नगंस. डोळं दुकत्याल. कडंला बग. कळप फुटतोय ते कडंला आदी कळतंय.”

हत्तुऱ्यांनी कडेला पाहिलं. खरंच, डाव्या टोकाला निळे ठिपके पातळ व्हायला लागले होते. त्यांनी ट्रक तिकडं वळवला. ते पोचले तेव्हा तिथल्या सैनिकांच्या गोळ्या नुकत्याच संपल्या होत्या. त्या दिवशी शेवटच्या यादीत ‘प्रभुलिंग ४१७’ हे नाव फौजेत तिसरं होतं. मारलेले शत्रू : शून्य.

“लई शानं हाय की गं तुजं मानूस,” सारजाबाई महेश्वरीबाईंना म्हणाल्या. महेश्वरीबाईंना हे नवीन असावं, कारण त्यांनी नवऱ्याकडं वळून एकदा नीट पाहिलं.

महेश्वरीबाईंचं स्वतःचं मत तिसरंच होतं आणि ते त्यांनी सर्वसाधारण सभेत उभं राहून मांडलं. “घरोघर भांडणं कमी आहेत का, म्हणून मुद्दाम खाली येऊन एकमेकांवर गोळ्या झाडायच्या? साकु, पुरे झालं. सगळे एका बाजूला बसा आणि किडे मारा.” यावर चौदा घरांतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाळासो कबड्डीवर बोलले. हत्तुरे समावेशकतेवर बोलले. दीड तास चर्चा झाली. शेवटी तिन्ही तऱ्हा एकेकदा खेळायच्या आणि मध्ये चहा द्यायचा असा ठराव झाला. चहाला मात्र विरोध झाला नाही.

पोलिसांकडं जायची खरं तर गरज नव्हती. हॉलमध्येच दोन स्पीकर लागणार होते. पण हत्तुऱ्यांना कागद असलेला बरा वाटायचा. त्यांनी नोटीस बोर्डावरचाच मजकूर अर्जात उतरवून काढला आणि ठाण्यात नेला. हवालदारानं तो शांतपणे वाचला.

“युद्ध. कुनाकुनात?”

“निळे आणि तांबडे.”

हवालदारानं पेन खाली ठेवलं. “कुठल्या पक्षाचे?”

“पक्षाचे नाहीत हो. ग्रहावरचे.”

“म्हंजे बाहेरची मानसं येनार.”

“नाही, नाही. सोसायटीचेच आठ. बाकीचे कॉम्प्युटर घालतो.”

“एकून किती?”

“चौसष्ट.”

हवालदारानं आकडा लिहून घेतला. “हत्यारं?”

इथं दुसरा कुणीही माणूस ‘हत्यारं नाहीत’ म्हणाला असता. पण सरकारी खुर्चीपुढं हत्तुऱ्यांना खोटं बोलता येत नसे. “लेझर,” ते म्हणाले.

“लेझरला बंदी हाय. मिरवनुकीत न्हाई, तर सोसायटीत कुठनं देनार?”

हत्तुऱ्यांनी त्याला ग्रह समजावला, किडे समजावले, ट्रक समजावला. हवालदार सज्जन होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि विचारलं, “घरी मंडळी बरोबर असत्यात ना तुमच्या?” दुसऱ्या दिवशी हत्तुऱ्यांनी नवा अर्ज नेला. विषय : कौटुंबिक संगणक क्रीडा व अल्पोपहार. त्यावर तीन मिनिटांत शिक्का पडला. शिक्का अल्पोपहाराला मिळाला असावा, असं त्यांचं आजही मत आहे.

वर्धापनदिनाचा रविवार उजाडला. आठ घरांतून आठ लॅपटॉप आले. प्रोजेक्टर आला, पण हॉलची भिंत पिस्ता रंगाची होती आणि तिच्यावर सगळे ग्रह आजारी दिसत होते. पांढरा पडदा हवा होता. महेश्वरीबाईंनी कारखान्यातले पांढरे बाथ टॉवेल मशीनवर एकाला एक जोडून झकास पडदा केला. फक्त टॉवेल जाड होते. त्यामुळं प्रत्येक ग्रहाला, प्रत्येक रणगाड्याला आणि प्रत्येक सैनिकाला मऊ लव आलेली दिसत होती.

सिद्धेश्वरी सकाळच्या गाडीनं आली. आल्या आल्या तिनं तारा जोडल्या, लॅपटॉप ओळीनं लावले आणि वडिलांना विचारलं, “अप्पा, तुम्ही खरंच खेळता? आई सांगत होती.”

“थोडंफार,” हत्तुरे म्हणाले. यादीतला तिसरा नंबर सांगावासा वाटत होता, पण तेवढ्यात चहावाला आला.

किड्यांची लढाई आधी झाली. महेश्वरीबाई पदर खोचून बसल्या आणि त्यांनी एकटीनं एक्केचाळीस किडे मारले. दोन शेजारणींनी किडे समजून एकमेकींना मारलं, पण त्या एरवीही फारशा बोलत नव्हत्या. सगळे जिंकले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणी हरलं नाही.

मग बत्तीस-बत्तीस. हत्तुऱ्यांनी आयुष्यातली सर्वोत्तम कामगिरी केली. नऊ खेपा, एकही ट्रक वाया नाही, दोन्ही बाजूंच्या कडेवर नजर. पण पडद्यावर ते कुठं दिसणार? तिथं नुसता धूर, उजेड आणि लव. दहाव्या मिनिटाला मागच्या रांगा घरच्या गोष्टी बोलू लागल्या. कुणी तरी विचारलं, “आपले सेक्रेटरी आहेत का यात?” निळे जिंकले, तेव्हा लढाई संपली एवढंच लोकांना कळलं आणि ते भज्यांकडं वळले. हत्तुऱ्यांनी चष्मा पुसला. सगळ्यांना सामावून घेणारी लढाई आपण घेतली आणि त्यात कुणीच कुणाला दिसलं नाही, हे त्यांना कबूल करावं लागलं. मनातल्या मनात, अर्थात.

शेवटी चार-चार. एका बाजूला बाळासो आणि तिसऱ्या मजल्यावरचे तिघं, दुसऱ्या बाजूला सिद्धेश्वरी आणि तिचे तिघं. त्यांतली एक पहिल्या मजल्यावरची शिवलीला. ती दातांची डॉक्टर होती, आणि नेमका तेव्हाच कडक भाकरीनं दाढ मोडलेला पेशंट तिच्या दवाखान्यात येऊन बसला. ती गेली. खुर्ची रिकामी राहिली.

“अप्पा, या,” सिद्धेश्वरी म्हणाली.

“मी? अगं, दुसरं कुणीतरी बघ.”

“या हो. बसा.”

अख्ख्या हॉलसमोर नाही म्हणणं खेळण्यापेक्षा अवघड होतं. हत्तुरे बसले.

पाच डावांची लढाई होती. पहिल्या डावात ते मेले. दुसऱ्यात मेले. तिसऱ्यात ते कडेला बघत होते, पण चार माणसांना कडा नसते, आणि बाळासोंनी त्यांना मधूनच टिपलं. प्रत्येक वेळी पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘प्रभुलिंग ४१७’ येत होतं आणि मागच्या रांगा आता अजिबात गप्पा मारत नव्हत्या. चौथ्या वेळी तर सारजाबाईंनी मायेनं “अरं, अरं” केलं. सिद्धेश्वरीच्या जोरावर दोन-दोन अशी बरोबरी झाली होती. शेवटचा डाव उरला.

या डावात कसे कोण जाणे, हत्तुरे मेले नाहीत. ते झेंड्यामागच्या भिंतीआड बसून राहिले आणि बाकीची माणसं कमी होत गेली. शेवटी समोर एकटे बाळासो आणि इकडं बापलेक. तेवढ्यात मैदानाच्या मधोमध सिद्धेश्वरीला गोळी लागली. ती मेली नाही, पडली. अशा पडलेल्याला जवळ जाऊन उचलता येत असे, दहा सेकंदांच्या आत. पण तेवढी गरजच नव्हती. वेळ संपताना झेंडा ज्याच्या ताब्यात, डाव त्याचा; हत्तुरे झेंड्यापाशी अर्धं मिनिट नुसते बसून राहिले असते तरी सामना त्यांचा होता.

“अप्पा, येऊ नका,” सिद्धेश्वरी शेजारच्या खुर्चीवरून म्हणाली. “तिथंच थांबा. झेंडा धरून ठेवा.”

हत्तुरे भिंतीआडून बाहेर आले.

“अप्पा! झेंडा!”

ते पळत सुटले. आकाशाकडं न बघता, सरळ. बाळासोंच्या दोन गोळ्या अंगावरून गेल्या, एक लागली, ते थांबले नाहीत. सबंध हॉल उभा राहिला. ते तिच्याजवळ पोचले, वाकले आणि त्यांनी बटण दाबलं.

टॉवेलच्या पडद्यावर एक प्रचंड, लुसलुशीत स्फोट झाला.

धूर गेला तेव्हा तिथं दोघंही नव्हते. ते बटण उचलायचं नव्हतं, बाँबचं होतं. बाळासो बंदूक घेऊन तसेच उभे होते. काहीच न करता ते जिंकले होते आणि त्यांना ते आवडलेलं दिसत नव्हतं.

हॉलमध्ये हसू फुटलं. सोसायटीला पंचवीस वर्षं झाली होती, पण इतकं हसणं कुणाला आठवत नव्हतं. हत्तुरे पडद्याकडं बघत राहिले.

“कशाला आलात?” सिद्धेश्वरी म्हणाली. ती चिडलेली होती. “जिंकलो होतो आपण. सांगत होते ना मी?”

“तू पडलीस की,” हत्तुरे म्हणाले.

सिद्धेश्वरीनं पडद्याकडं पाहिलं, मग वडिलांच्या हाताकडं पाहिलं. त्यांचं बोट अजून त्याच बटणावर होतं.

बाळासोंनी खुर्ची मागं सारली. “ह्यो निकाल आपल्याला मान्य न्हाय. गडी मी पाडला न्हाय. परत खेळू.” आणि मागून कुणी तरी, भल्याच हेतूनं, म्हणालं, “हो, हो, परत खेळा. सेक्रेटरींना जरा विश्रांती द्या. शिवलीलाताई आल्या बघा दवाखान्यातून.”

खरंच, शिवलीला दारात उभी होती आणि ती चांगली खेळायची. हत्तुरे समजूतदारपणे उठायला लागले.

सिद्धेश्वरीनं त्यांचं मनगट धरलं आणि खाली बसवलं. मग त्यांचं बोट उचलून दोन बटणं डावीकडं ठेवलं. “उचलायचं हे,” ती म्हणाली. “बाँबच्या बटणाला हात लावायचा नाही.”

“अगं, पण शिवलीला...”

“आमचे चार झालेत,” सिद्धेश्वरीनं दाराकडं बघून मोठ्यानं सांगितलं, आणि बाळासोंना म्हणाली, “काका, लावा डाव.”

हत्तुऱ्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि खुर्ची पुढं ओढली.